जामीनदार जबाबदारीतून कधी मोकळा होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत किंवा पतसंस्थेत कुणासाठी जामीन राहताना सही पटकन होते. 'यातून सुटायचे कसे' हा प्रश्न मात्र नोटीस दारात आल्यावर पडतो. खालचे प्रश्न अशाच वेळी विचारले जाणारे आहेत. उत्तरांचा मुख्य आधार आहे भारतीय करार कायदा, १८७२. त्यात जामीनकीची कलमे १२६ ते १४७ अशी आहेत. हा कायदा जामीनदाराच्या बाबतीत बराच उदार आहे. बँकांची छापील हमीपत्रे तेवढी उदार नसतात. तेव्हा तुम्ही सही केलेल्या हमीपत्राची प्रत शेजारी ठेवूनच हे वाचा. प्रत नसेल तर आधी बँकेकडे लेखी अर्ज करून ती मागा.

मी फक्त सही केली होती, पैसे तर त्याने वापरले. माझी जबाबदारी किती?

कर्जदाराची जेवढी, तेवढीच. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. मुद्दल, व्याज, करारात असेल तर वसुलीचा खर्च, सगळे त्यात आले. हमीपत्रात 'अमुक रकमेपर्यंत' अशी मर्यादा घातलेली असेल तरच ती कमी होते. 'मला एक रुपयाही मिळाला नाही' हा बचाव चालत नाही, कारण कलम १२७ म्हणते की कर्जदाराच्या फायद्यासाठी काही केले गेले असेल तर तेवढा मोबदला जामीनकीला पुरेसा आहे.

बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागायला नको का?

असे जवळपास प्रत्येकाला वाटते, पण कायदा तसा नाही. बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकातच स्पष्ट केले की बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे मार्ग संपवावेत अशी अट जामीनदाराला घालता येत नाही. तसे असते तर जामीन घेण्याचा बँकेला उपयोगच उरला नसता.

सरफेसी कायदा, २००२ (न्यायालयात न जाता तारणावर कारवाई करू देणारा कायदा) मध्ये तर 'कर्जदार' या व्याख्येतच जामीनदार धरला आहे. त्यामुळे कलम १३(२)ची ६० दिवसांची नोटीस तुमच्याही नावाने येऊ शकते. तुमचे घर तारण दिलेले असेल तर त्यावरही कारवाई होऊ शकते. सहकारी संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, आणि त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावे असतात. 'एकशे एकचा दाखला' हा शब्द ऐकला की त्याच आठवड्यात वकील गाठा.

मला आता जामीन राहायचे नाही. बँकेला पत्र दिले की सुटलो का?

ते तुम्ही कशासाठी जामीन राहिलात यावर अवलंबून आहे.

घरकर्ज, वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज अशा ठरलेल्या एका रकमेच्या कर्जाला जामीन राहिला असाल आणि ती रक्कम उचलली गेली असेल, तर एकतर्फी माघार घेता येत नाही. पर्याय एकच: कर्जदाराने दुसरा जामीनदार किंवा जास्तीचे तारण द्यावे आणि बँकेने तो बदल लेखी मान्य करावा. तोंडी 'हो, बघू' याला काडीचा अर्थ नाही. शाखाधिकारी बदलून जातात, तुमची सही तिथेच राहते.

कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचे आणि भरायचे कर्ज), व्यापाऱ्याला दिलेली उधारीची मर्यादा यांची गोष्ट वेगळी. तिथली जामीनकी चालू व्यवहारांच्या मालिकेसाठी असते. कायदा तिला अखंड हमी मानतो. कलम १३० खाली अशी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. कायद्याने स्वतःच दिलेले उदाहरण असे: एखाद्याने बारा महिन्यांसाठी ५,००० रुपयांपर्यंत हमी दिली, सावकाराने २,००० दिले, तीन महिन्यांनी जामीनदाराने हमी मागे घेतली. पुढच्या व्यवहारांतून तो सुटला, पण त्या २,००० ची जबाबदारी राहिलीच.

नोटीस अशी असावी: 'कर्जखाते क्रमांक अमुक याकरिता मी दिलेली हमी या पत्राच्या तारखेपासून पुढील सर्व व्यवहारांसाठी मागे घेत आहे. आजअखेर येणे बाकी किती, ते कृपया लेखी कळवावे.' दुसरे वाक्य विसरू नका. पुढे सगळा वाद त्या आकड्यावरच होतो. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा किंवा शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

आता खोच इथे आहे. बऱ्याच हमीपत्रांत 'बँकेच्या लेखी संमतीशिवाय हमी मागे घेता येणार नाही' असे वाक्य असते. कर्ज उचलले जाण्याआधीच जामीनदाराने माघार घेतली, तरी अशा वाक्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्याला जबाबदार धरले आहे. पत्र तरीही द्यावेच, पण ते दिले म्हणून निर्धास्त राहू नये.

हमी मागे घेतली, पण कॅश क्रेडिट खाते तसेच चालू आहे. मग?

हा भाग फार थोड्यांना माहीत असतो आणि तो जामीनदाराच्या फायद्याचा आहे. समजा, नोटीस पोचली त्या दिवशी बाकी ८ लाख होती. खाते तसेच चालू राहिले. पुढच्या सहा महिन्यांत कर्जदाराने ९ लाख भरले आणि १० लाख उचलले. बाकी दिसते ९ लाख. वरवर पाहता काहीच फिटलेले नाही. पण भरणा कशासाठी आहे हे कुणी ठरवून सांगितले नसेल, तर करार कायद्याच्या कलम ६१ नुसार तो जुन्या देण्याकडे आधी वळतो. म्हणजे तुमच्या काळातले ८ लाख फिटले, आणि आजचे ९ लाख तुमच्या नोटिशीनंतरचे.

म्हणूनच नोटीस येताच जागरूक बँक ते खाते गोठवते आणि नवीन व्यवहारांसाठी वेगळे खाते उघडते. बँकेने तसे केले नसेल तर नोटिशीच्या तारखेपासूनचा खातेउतारा मिळवा. अर्थात हमीपत्रात याविरुद्ध कलम आहे का, हेही पाहायला हवे. बऱ्याचदा असते.

मला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या. मी सुटलो का?

सुटकेची ही सर्वांत भक्कम वाट. कलम १३३ सांगते की कर्जदार आणि बँक यांनी जामीनदाराच्या संमतीशिवाय करारात बदल केला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मुक्त होतो. 'त्या बदलानंतरच्या' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. आधीचे देणे पुसले जात नाही.

कायद्यातले उदाहरण बँकेचेच आहे. एक जण बँकेच्या व्यवस्थापकाच्या वर्तणुकीसाठी जामीन राहिला. नंतर बँकेने आणि व्यवस्थापकाने परस्पर ठरवले की पगार वाढवायचा आणि ओव्हरड्राफ्टमध्ये तोटा झाला तर चौथा हिस्सा व्यवस्थापकाने सोसायचा. पुढे एका ग्राहकाने जास्तीचे पैसे उचलले आणि बँकेचे तेवढे पैसे बुडाले. जामीनदार मोकळा. पगारवाढ झाली म्हणजे काही वाईट झाले नव्हते, तरीही. जामीनदाराने ज्या कराराची हमी घेतली तो करारच आता राहिला नाही, एवढे पुरते. दुसऱ्या उदाहरणात १ मार्चला द्यायचे कर्ज १ जानेवारीलाच दिले, आणि तेवढ्यावर जामीनदार सुटला.

रोजच्या व्यवहारात हे कुठे दिसते? मंजूर मर्यादा १० लाख असताना शाखेने १४ लाखांपर्यंत उचल होऊ दिली. अशा वेळी वरच्या ४ लाखांचा भार जामीनदारावर टाकता येणार नाही असा युक्तिवाद बळकट असतो. मूळ १० लाखांतून मात्र सुटका मागणे कठीण. बदलत्या व्याजदराचे कर्ज असेल आणि दर वाढला, तर तो करारातला बदल नव्हे, कारण दर बदलणार हे करारातच लिहिलेले होते. कर्जाची पुनर्रचना झाली असेल तर आधी एक गोष्ट शोधा: पुनर्रचनेच्या कागदांवर तुमची सही आहे का? बँका ती घेतात. शाखेत 'इथे, इथे आणि इथे' असे म्हणत कागद पुढे सरकवले जातात, त्यांतच ती असते.

कर्जदाराला मुदत वाढवून दिली. बँक वर्षानुवर्षे गप्प बसली. त्याचा फायदा मला मिळेल?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने कर्जदाराशी करार करून त्याला मुदत दिली, तडजोड केली किंवा दावा न करण्याचे वचन दिले आणि त्याला तुमची संमती नव्हती, तर कलम १३५ खाली तुम्ही मुक्त होता. बँक नुसतीच गप्प बसली, नोटीस काढली नाही, दावा लावला नाही, तर कलम १३७ म्हणते की एवढ्याने जामीनदार सुटत नाही. बँकेने मुदतवाढीचे वचन कर्जदाराऐवजी तिऱ्हाइताला दिले असेल तरीही सुटका नाही (कलम १३६).

तारण ठेवलेली वस्तू बँकेने सोडून दिली किंवा ती गहाळ झाली.

कलम १४१ बघा. जामीनकी दिली त्या वेळी बँकेकडे कर्जाचे जे तारण असते, त्याच्या लाभावर जामीनदाराचाही हक्क असतो. त्या तारणाची माहिती त्याला असो वा नसो. जामीनदाराच्या संमतीशिवाय बँकेने ते तारण सोडले किंवा गमावले, तर त्या तारणाच्या किमतीपुरता जामीनदार मुक्त होतो. पूर्ण नव्हे, किमतीपुरता.

गोदामात ठेवलेल्या तारण मालात तूट आली, बँकेच्या निष्काळजीपणामुळे माल गेला, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने जामीनदारांना हा फायदा दिला आहे. त्यांत स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रचा १९८० चा निकाल वकील मंडळी नेहमी दाखवतात.

इथे पुराव्याची लढाई असते. किती माल होता, त्याची त्या दिवशीची किंमत काय, तपासणीला बँकेचा माणूस शेवटचा कधी आला. स्टॉक स्टेटमेंट, गोदामाची नोंदवही आणि विमा पॉलिसी हे तीन कागद मागा. विम्याचा हप्ता बँकेने भरायचा होता आणि भरला नाही, असेही निघते कधीकधी.

याच्याच शेजारचे कलम १३९: बँकेने असे काही केले किंवा करायचे टाळले की त्यामुळे कर्जदाराकडून भरपाई घेण्याचा तुमचा पुढचा मार्गच खुंटला, तर तुम्ही सुटता. मालकाने शिकाऊ नोकराची रोकड महिन्यातून एकदा तरी तपासण्याचे कबूल केले, तपासली नाही आणि त्याने अफरातफर केली. जामीनदार मोकळा, असे उदाहरण कायद्यातच आहे.

कर्जदाराने एकरकमी तडजोड केली. बँक आता उरलेले माझ्याकडून मागू शकते का?

कर्जदाराला देण्यातून मुक्त केले की कलम १३४ नुसार जामीनदारही मुक्त. तडजोडीची रक्कम पूर्ण भरली गेली आणि बँकेने खाते बंद केले, तर तुमच्याकडे मागायला काही उरत नाही. पण तडजोडीचे पत्र स्वतः वाचा. 'जामीनदारांविरुद्धचे हक्क राखून' असे शब्द त्यात असतील तर वाद उभा राहू शकतो. आणि तडजोडीचा एखादा हप्ता चुकला तर बऱ्याच पत्रांनुसार तडजोडच रद्द होते आणि जुनी पूर्ण बाकी परत उभी राहते.

कलम १३४ मध्ये आणखी एक वाट आहे: बँकेच्या किंवा धनकोच्याच कृत्यामुळे कर्जदार कायद्याने मोकळा झाला तर. कायद्यातले उदाहरण त्या काळाला शोभणारे आहे. नीळ पिकवून देण्याचा करार होता, आणि नीळ घेणाऱ्यानेच पाण्याचा ओहोळ वळवून पीक येऊ दिले नाही. जामीनदार सुटला.

आम्ही तिघे जामीनदार होतो. एकाला बँकेने सोडले.

त्यामुळे उरलेले दोघे सुटत नाहीत (कलम १३८), आणि ज्याला बँकेने सोडले तोही तुमच्याशी असलेल्या हिशेबातून सुटत नाही. वेगळे काही ठरले नसेल तर सहजामीनदारांनी भार समान वाटून घ्यायचा असतो. ९ लाख थकले आणि सगळे तुम्ही भरले, तर इतर दोघांकडून ३-३ लाख मागता येतात, बँकेने सोडलेल्याकडूनही.

हमीपत्रात लिहिले आहे की मी कलम १३३ ते १४१ खालचे सगळे हक्क सोडत आहे. असे लिहून घेता येते?

येते. न्यायालयांनी अशी कलमे साधारणपणे मान्य केली आहेत, कारण हे हक्क जामीनदाराच्या फायद्याचे आहेत आणि आपला फायदा माणूस सोडू शकतो. सामान्य जामीनदारासाठी हीच खरी अडचण आहे. कायद्याने उघड्या ठेवलेल्या बहुतेक दारांना हमीपत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत कुलूप घातलेले असते, आणि खाली सही तुमची असते.

तरी सगळे संपले असे नाही. अशी वाक्ये शब्दशः वाचली जातात. मुदतवाढीला आगाऊ संमती लिहिली असेल तर ती मुदतवाढीपुरती आहे, मर्यादेपेक्षा जास्त उचलीला नाही, असे म्हणता येते. तारणाबद्दल काहीच लिहिले नसेल तर कलम १४१ शाबूत आहे. म्हणून वकिलाकडे जाताना हमीपत्राचे प्रत्येक पान न्या, फक्त सहीचे पान नको.

कंपनीसाठी जामीन होतो. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि निराकरण योजना (देणी कमी करून कंपनी चालू ठेवण्याची योजना) मंजूर झाली.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की योजना मंजूर झाली म्हणून वैयक्तिक जामीनदार आपोआप मुक्त होत नाही. कंपनीला मिळालेली सूट कायद्याच्या प्रक्रियेने मिळाली, बँकेने आपणहून दिली नाही, असा त्यामागचा तर्क. हाच विचार १९८२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या प्रकरणात, कंपनी अवसायनात (मालमत्ता विकून कंपनी बंद करण्याच्या प्रक्रियेत) गेल्यावरच्या हमीबाबत आला होता. कंपनीला दिवाळखोरी संहितेखाली मिळणारी वसुलीवरची स्थगितीही जामीनदाराला मिळत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर यात शंका उरलेली नाही. योजनेतच जामीनदारांना सोडल्याचे लिहिले असेल तर गोष्ट निराळी.

जामीनदार वारला तर? कर्जदार वारला तर?

जामीनदार गेल्यास अखंड हमी पुढच्या व्यवहारांपुरती संपते (कलम १३१), हमीपत्रात उलट लिहिले नसेल तर. आधीचे देणे त्याच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. वारसांना जेवढे मिळाले तेवढ्यापुरतेच. त्यांच्या स्वकमाईवर हात टाकता येत नाही. कर्जदार गेल्याने जामीनदार सुटत नाही. कर्जाला विमा जोडलेला होता का, हे मात्र लगेच तपासा.

कर्ज जुने झाले, मुदतबाह्य झाले. आता माझ्याकडून कसे मागतात?

जामीनदाराविरुद्धच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण ती मोजायची कुठून हे हमीपत्रावर ठरते. हमी 'मागणी करताच देऊ' अशी असेल तर मागणी होऊन ती नाकारली गेल्यापासून मुदत मोजली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात म्हटले. त्यामुळे कर्ज दहा वर्षे जुने आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नका. बँकेचा माणूस 'नुसती बाकी बरोबर आहे एवढीच सही हवी' म्हणून आला, तर ती सही मुदत नव्याने सुरू करण्यासाठी असते हे ध्यानात घ्या.

खोटे सांगून सही घेतली.

बँकेने किंवा तिच्या माहितीने आणि संमतीने कुणी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून (कलम १४२) किंवा दडवून (कलम १४३) हमी घेतली असेल, तर ती हमीच अवैध. कर्जदार मित्राने एकट्याने फसवले असेल तर त्याचा दोष बँकेवर येत नाही. 'आणखी एक जामीनदार येणार' या अटीवर तुम्ही सही केली आणि तो आलाच नाही, तर कलम १४४ तुमच्या मदतीला आहे.

वारलेल्या नातेवाइकाच्या ठेवीसाठी मी बँकेला जामीन दिला. तो किती काळ?

खातेदाराने नामनिर्देशन (नॉमिनी) केलेले नसेल तेव्हा बँक वारसांकडून नुकसानभरपाईचे बंधपत्र आणि कधी त्यावर जामीनदार घेते. दुसरा कुणी हक्कदार पुढे आला आणि बँकेला त्याला पैसे द्यावे लागले, तरच ही जबाबदारी जागी होते. कागदावर अंतिम तारीख सहसा नसते. सही करण्याआधी सगळे वारस कागदावर आले आहेत ना, एवढे पाहणे हाच त्यातला खरा बचाव. आणि नामनिर्देशन असेल किंवा संयुक्त खात्यात मागे राहिलेल्याला पैसे मिळण्याची अट असेल, तर रक्कम कितीही असो, बँकेने असे बंधपत्र किंवा जामीन मागू नये असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सांगितले आहे. तिथे जामीन मागितला तर आधी हाच नियम पुढे ठेवा.

शेवटी पैसे मीच भरले. आता?

आता बँकेच्या जागी तुम्ही आहात. कलम १४० नुसार बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क आणि तारण तुमच्याकडे येते, आणि कलम १४५ नुसार योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते. भरणा शक्यतो तुमच्याच खात्यातून करा आणि पावतीवर 'जामीनदाराकडून' असे लिहून घ्या. रोखीने कर्जदाराच्या हातून भरले तर पुढे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

कर्ज फिटले. मी सुटलो हे कशावरून धरायचे?

खात्याची बाकी शून्य झाली म्हणजे अखंड हमी संपली असे नाही. ते खाते उद्या पुन्हा वापरले गेले तर हमी पुन्हा लागू होऊ शकते. म्हणून 'येणे बाकी नाही' असा दाखला, तुम्हाला हमीतून मुक्त केल्याचे बँकेचे पत्र, आणि जमल्यास रद्द असा शेरा मारलेले मूळ हमीपत्र, हे तिन्ही घ्या. व्यक्तींच्या कर्जात पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करून बोजा उतरवावा, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. दोनेक महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढून पाहा. जामीनदार म्हणून ते खाते अजून 'चालू' दिसत असेल, तर दाखल्याची प्रत जोडून बँक आणि क्रेडिट माहिती कंपनी या दोघांकडे दुरुस्तीचा अर्ज करा.